प्रश्न शेवटी विचारा

साधे आजार कोणते आणि गंभीर कोणते, हे कर्मचाऱ्यांना कळत नसल्याचे वरिष्ठांच्या निदर्शनास आले. साध्या आजारासाठी ते रजा घेत आणि गंभीर आजारात परस्पर मरत, दोन्ही पूर्वपरवानगीशिवाय. सबब, सभागृहात सक्तीचे प्रशिक्षण ठेवण्यात आले.

भांडारपालाच्या छातीवर सकाळपासून कुणीतरी कपाट आणून ठेवल्यासारखं वाटत होतं. बायको म्हणाली, "आज राहू द्या, डॉक्टरांकडे जाऊ." पण गैरहजर राहण्यास आजारपणाची सबब चालणार नव्हती, विषयच आजारपणाचा होता.

"छातीत दडपण, डाव्या हातात नाहीतर जबड्यात कळ, धाप, दरदरून घाम," पडद्यावरचं चित्र दाखवत व्याख्याते डॉक्टर म्हणाले. भांडारपालाने चित्रातला माणूस नीट पाहिला. तो त्याच्यापेक्षा बरा दिसत होता. त्याने हात वर केला. उजवा, कारण डावा उचलेना.

"प्रश्न शेवटी विचारा."

"प्रश्न नाही हो... मला हे सगळं होतंय."

"वा! असं समरस होऊन ऐकायला हवं!" डॉक्टर खूश झाले. टाळ्या पडल्या.

"पित्त आहे तुमचं," शेजारचे हिशेबनीस कुजबुजले. "मला रोज होतं."

"पित्त कसलं? मान आहे ती," मागून टंकलेखिकाबाई म्हणाल्या. "उशी बदला."

दोघांची अशी जुंपली, की पाणी मागायला भांडारपालाला फटच मिळेना. शेवटी तो खुर्चीवरून घसरला.

साहेब लगबगीने उठले. "कुणी हात लावू नका! साधं की गंभीर, ते आधी ठरू द्या. प्रशिक्षण कशासाठी घेतोय आपण?"

हात वर करून मतं घेण्यात आली. प्रचंड बहुमताने आजार साधा ठरला. तोवर डॉक्टर मंचावरून खाली धावले, नाडी धरली आणि ओरडले, "गाडी बोलवा!"

"अहो, पण मधुमेह शिकवायचा राहिलाय," साहेब हिरमुसले.

भांडारपाल वाचला, ही निव्वळ त्या मतदानाची अवज्ञा. चार दिवसांनी साहेब कर्मचाऱ्यांसह दवाखान्यात आले. एक जिना चढून त्यांना धाप लागली होती. कपाळ ओलं, आणि हात सारखा जबड्यावर.

भांडारपाल उशीवरून उठू लागला. "साहेब, तुम्ही आत्ताच्या आत्ता दाखवून घ्या. डॉक्टर खालीच आहेत."

"मी?" साहेब मोठ्याने हसले. "अरे, त्या प्रशिक्षणाचं उद्घाटन मी केलंय!"

सगळी खोली हसली. भांडारपालाची बायको तेवढी हसली नाही. ती डॉक्टरांना बोलवायला धावली. ती परत येईपर्यंत साहेब पलंगाच्या कडेला बसले होते आणि हिशेबनीस त्यांना पित्ताची गोळी देत होते.

हसलात ना तुम्हीही? मग जाता जाता सांगा, गेले कित्येक दिवस तुमचं जे दुखतंय, ते कुणाला दाखवलंत?