पहिला बोलेल तो हरला

"अगं, तू मागतेस छान, पण दिलेलं लगेच परत करून टाकतेस!" शाळेच्या मॅडमनी कपाळाला हात लावला.

घरीदारी सगळे या बडबड्या मुलीला 'रेडिओ' म्हणायचे, आणि ते काही उगाच नाही. कर्णबधिर मुलींच्या शाळेसाठी देणग्या मिळवायचं काम तिनं हट्टानं मागून घेतलं होतं. तिची धाकटी बहीण त्याच शाळेत होती. शाळेची म्हातारी बस कायमची बंद पडल्यापासून धाकटीसकट लांबच्या बारा मुली घरी बसून होत्या. रेडिओनं ठरवूनच टाकलं होतं, आयुष्यभर हेच काम करायचं. पण तीन महिने झाले, देणगीदार शून्य! समोरच्याचा हात खिशाकडे गेला की तिला त्याचीच दया यायची. "नसेल जमत तर राहू द्या हं," ती म्हणायची. हात बाहेर यायचा. रिकामा.

आज नोकरीच्या चाचणीचा शेवटचा दिवस. आजही तेच झालं, तर उद्यापासून मामाच्या पंख्यांच्या दुकानात.

"एकच नियम लक्षात ठेव," मॅडम म्हणाल्या. "मागितलं की गप्प. पहिला बोलेल तो हरला."

"पण मॅडम, समजा त्यांनी..."

"गप्प!"

गाद्यांच्या कारखान्याचे मालक ऐसपैस खुर्चीत बसले होते. रेडिओनं शाळेचं सगळं सांगितलं, पाणी प्यायली आणि एका दमात म्हणाली, "काका, आमच्या शाळेला एक बस हवी आहे. ती तुम्ही द्याल का?"

आणि तोंडाला कुलूप घातलं.

काकांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं काकांकडे पाहिलं. काकांच्या मिशीखाली हसू आलं आणि तेही गप्प बसले. तिला बिचारीला काय माहीत, की काकांनी तरुणपणी दारोदार हिंडून गाद्या विकल्या होत्या आणि हा नियम त्यांना तिच्या जन्माआधीपासून पाठ होता!

पाच मिनिटं गेली. शिपाईकाका चहा-बिस्किटं घेऊन आले. "साहेब, साखर किती?" कोणी बोलेना. "ताई, तुम्हाला?" तिनं नुसते डोळे मोठे केले. शिपाईकाका पाय न वाजवता बाहेर गेले आणि मॅनेजरांच्या कानाशी लागले, "आत काहीतरी वाईट बातमी आलीय."

मॅनेजर आत आले, दोघांचे चेहरे पाहिले आणि हात जोडून, मान खाली घालून भिंतीशी उभे राहिले. त्यांना पाहून टायपिस्टबाई आल्या. त्यांनी तर रुमालच काढला. कोण गेलं हे एकालाही ठाऊक नव्हतं, पण विचारणं बरं दिसलं नसतं.

रेडिओच्या पोटात शब्दांची नुसती चेंगराचेंगरी झाली होती. 'नसेल जमत' तर जिभेच्या टोकावर येऊन बसलं होतं. तिला धाकटी आठवली, दप्तर भरून रोज सकाळी खिडकीत बसणारी. तिनं दातांवर दात घट्ट दाबले.

तेवढ्यात फोन वाजला. काका उचलेनात, म्हणून दारातून डोकावणाऱ्या शिपाईकाकांनी आत येऊन उचलला. "बाईसाहेब, साहेब बोलत नाहीयेत हो! बोलायचेच बंद झालेत!"

पंधरा मिनिटांत काकू हजर, सोबत शेजारचे डॉक्टर.

"अहो, काहीतरी बोला ना!"

काकांनी ओठ आणखीच मिटले.

"जीभ दाखवा," डॉक्टर म्हणाले. काकांनी दाखवली. "जीभ तर ठणठणीत आहे!"

"आणि ही कोण? ए मुली, तू तरी सांग, काय झालंय यांना?"

आता आली का पंचाईत! बोललं तर बस गेली, न बोललं तर काकू ओरबाडणार. आणि मग घरी धाकटीशी बोलायची सवय असलेले रेडिओचे हात आपोआप उठले. तिनं हवेत चाक फिरवलं. बोटांनी बारा दाखवले. दोन वेण्या दाखवल्या, पाठीवरचं दप्तर दाखवलं. मग गाल हातावर टेकवून खिडकीतून वाट बघितली.

"गाडी... बारा मुली..." काकू पुटपुटल्या. "शाळेत जायचंय, पण गाडीच येत नाही? अगं बाई!" काकूंचे डोळे भरून आले.

"ए, हे चालणार नाही!" काका खुर्चीतून ताडकन उठले. "हातांनी बोलायचं नाही! ही चक्क लबाडी आहे!"

खोलीत सगळे दचकले. मग काकांच्या लक्षात आलं. ते धपकन खाली बसले.

"हरलो," ते म्हणाले. "चाळीस वर्षांत पहिल्यांदा. कागद आण, लिहून देतो तुझी बस."

काकांनी पेन उघडलं, आणि रेडिओचं मन भरून आलं. "पण काका, नसेल जम..."

काकूंनी बशीतलं आख्खं बिस्किट तिच्या तोंडात कोंबलं. "तुम्ही लिहा हो!"

कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडल्या पडल्या तिनं फोन लावला. "मॅडम, मागून आलेय. आता तुम्ही सांगा, माझी नोकरी पक्की करणार ना?"

आणि ती गप्प बसली.

"आधी सांग, काय म्हणाले ते?... हॅलो?... अगं, बस मिळाली की नाही?... ऐकू येतंय का?... रेडिओ?"

रेडिओ रस्त्याच्या कडेला उभी राहून निवांत दुसरं बिस्किट चघळत होती.

"बरं बाई, पक्की! पक्की तुझी नोकरी! आता तरी बोल!"