अच्युतराव कासवांचा तंबू

बाळांनो, एका जंगलात, म्हणजे नळाला पाणी आणि मोबाइलला रेंज असलेल्या अगदी आपल्यासारख्याच जंगलात, अच्युतराव नावाचे एक कासव राहत होते. तब्येत ठणठणीत, बायको मंदाताई प्रेमळ, पाठीवर स्वतःचं पक्कं घर. मग दुःख कसलं? तेच तर दुःख होतं. सगळं बरं चाललं असलं की माणसाला, म्हणजे कासवाला, निसर्गाच्या जवळ जावंसं वाटतं.

"मी वाळवंटात राहायला जाणार," त्यांनी जाहीर केलं. "एकटा. पूर्वजांसारखा. काहीही न घेता!"

आणि काहीही न घेता जायचं सामान आणायला ते सशाच्या दुकानात गेले.

सशाने ही एवढी सॅक भरून दिली. तंबू, स्टोव्ह, घडीची खुर्ची, शिवाय शेकोटीसारखा चटचट आवाज करणारा दिवा.

"अहो, तंबू कशाला?" मंदाताई म्हणाल्या. "पाठीवर घर आहे ना तुमच्या!"

"ते घर आहे गं. घरात राहून कुठे निसर्ग कळतो का?"

"मला शोधायला कोणीही यायचं नाही," असं जंगलभर बजावून अच्युतराव निघाले. पाठीवर घर, घरावर सॅक, सॅकमध्ये तंबू.

वाळवंट आलं. छान होतं. जिकडेतिकडे वाळूच वाळू. पण एका टेकाडावरून उतरताना सॅक जराशी कलली आणि अच्युतराव धप्पकन उलटे! खाली सॅक, वर पोट, चारी पाय हवेत.

हसू नका रे. आपले पाय जमिनीला टेकलेत म्हणून हसू येतंय.

त्यांनी पाय झाडले, मान ताणली. छे! ऊन पोटावर चढत होतं. पाण्याची बाटली सॅकमध्ये आणि सॅक पाठीखाली. पट्टा सोडला असता तर सुटले असते. पण सशाने बजावलं होतं, "साहेब, सॅक वाळूत मोकळी टाकायची नाही. चेनमध्ये वाळू गेली की गॅरंटी संपली." एक वेळ जीव गेला तर चालेल, गॅरंटी कशी घालवायची?

इतक्यात एक कोल्हा आला. त्याच्याही पाठीवर सॅक. तोही एकटाच राहायला आला होता, आणि त्याच्याबरोबर असेच एकटे राहायला आलेले आणखी आठ-दहा जण होते.

"काय अच्युतराव, काही अडचण?"

मन म्हणालं, सांग. तोंड म्हणालं, "छे हो! आकाश बघतोय."

"वा!" कोल्हा म्हणाला. यांच्या एकांतात आपली लुडबुड नको, म्हणून सगळे पावलं न वाजवता टेकाडामागे जाऊन बसले.

दुपार झाली. घशाला कोरड पडली. आता मात्र अच्युतराव घाबरले. आपण इथेच मरणार, असं त्यांना खरोखर वाटलं. मंदाताईंची आठवण आली आणि रडूच कोसळलं. शेवटी लाज सोडून ते ओरडले, "वाचवा! अहो, कोणीतरी वाचवा!"

टेकाडामागे कोल्ह्याने डोळे मिटले. "ऐकलंत? काय ती आर्तता! याला म्हणतात साधना." मग सगळे उताणे पडले आणि सुरात म्हणू लागले, "वाचवा! वाचवा!"

हा गलका ऐकून मंदाताई तिथे पोहोचल्या. कोणी यायचं नाही, हे नवऱ्याचं बोलणं त्यांनी नेहमीप्रमाणेच मनावर घेतलं नव्हतं. निघाल्या होत्या मागोमागच. पण त्याही कासवच, वेळ लागला.

"अगं बाई! अहो, तो पट्टा सोडा ना आधी!"

"अगं, पण गॅरंटी..."

"खड्ड्यात गेली तुमची गॅरंटी!" मंदाताईंनी तोंडाने पट्टा सोडला आणि खांद्याने एक ढुशी दिली. अच्युतराव सुलटे झाले. 

"बरं झालं आलीस," एवढंच म्हणाले.

पण ते घरी पोहोचायच्या आत कोल्ह्याने टेकाडाआडून काढलेला त्यांचा उलटा फोटो जंगलभर पोहोचला होता. सत्काराला ही गर्दी!

"भीती नाही वाटली?" कोणीतरी विचारलं.

अच्युतरावांनी गर्दी पाहिली. गळ्यातला हार चाचपला. "भीती? मी तर आकाश बघत होतो."

मागच्या रांगेत मंदाताईंना ठसका लागला.

हल्ली अच्युतराव उताणं पडायचे वर्ग चालवतात. ससा त्यासाठी खास जड सॅक विकतो. घालणारा हमखास उलटा पडतो. तशी गॅरंटीच आहे.

तात्पर्य : संकटात सापडलात तर खुशाल ओरडा. मदत येवो न येवो, शिष्य नक्की येतात. पट्टा सोडायला मात्र घरचंच माणूस लागतं, तेव्हा ते जवळपास असू द्यावं. फोटोत घेऊ नये, एवढंच.