सुसंगत इंजिन निवड समिती, सेक्टर 10

योग्य वस्तू ताबडतोब सापडणं हे निवडीच्या दृष्टीनं अत्यंत घातक असतं. भिलाईत, जिथे दर तिसरा माणूस तंत्रज्ञ आहे आणि उरलेले दोघे त्याला सल्ला देतात, हे वेगळं सांगावं लागत नाही.

सेक्टर 10 मधल्या पीयूष कापगतेवर नेमका हाच प्रसंग ओढवला. स्टील प्लांटच्या रोलिंग मिलमध्ये नोकरी, आणि क्वार्टरपुढे एक बुटकी, दोन दारांची, सेकंडहँड स्पोर्ट गाडी. पावसाळ्यात त्यानं ती अंडरब्रिजखालच्या पाण्यात घातली, कारण समोरून एक म्हैस आरामात पार झाली होती. (म्हैस हवा बऱ्याच उंचीवरून घेते, ही तांत्रिक माहिती त्याला नंतर मिळाली.) इंजिनानं पाणी ओढलं आणि प्राण सोडला.

दुसऱ्याच दिवशी जामुलच्या भय्याजी मिस्त्रीचा फोन आला. त्याच मॉडेलचं, सुस्थितीतलं इंजिन रायपूरला मिळत होतं. जसंच्या तसं बसलं असतं, आरटीओचीही हरकत नव्हती. पीयूषचा चेहरा पडला. जे कोणीही बसवू शकतो ते बसवण्यात त्याचं स्वतःचं काय राहिलं? शिवाय आरटीओला जे चालतं त्याला परफॉर्मन्स म्हणत नाहीत. सबब हा प्रस्ताव 'अतिसुसंगत' म्हणून बाजूला ठेवण्यात आला.

अडचण एकच होती, ती म्हणजे बाबा. शालिकराम कापगते प्लांटमधून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांची धाकटी बहीण पंचफुला साकोलीजवळच्या खेड्यात राहते. जन्मभर ते तिच्याकडे बसनं गेले, फाट्यावर उतरले आणि पिशवी घेऊन पायी चालत गेले.

"एकडाव तिच्या दारात पोराच्या गाडीतून उतराचं हाय," ते म्हणाले. "इंजिन कोणतंबी बसव. पण लवकर बसव."

पीयूषला हे फार लागलं. बाबांसाठी बसवायचं तर सर्वोत्तमच बसवायचं, असं त्यानं ठरवलं, आणि अशा रीतीनं उशिराची पक्की सोय झाली.

समिती त्रिसदस्यीय होती: पीयूष, क्रेनवरचा भूपेंद्र आणि इन्स्ट्रुमेंटेशनचा मोनू. तिघे तीन शिफ्टचे. शिफ्ट तिघांचीही एकाच दिवशी बदलायची, त्यामुळे तिघं एकत्र बसून निर्णय होण्याचा धोका नव्हता. ए शिफ्ट ठरवायची आणि गेटवर बी शिफ्टला चार्ज द्यायची. बी शिफ्ट दुरुस्ती सुचवायची. सी शिफ्ट यूट्यूब बघून दोन्ही रद्द करायची. पोलादही याच पद्धतीनं बनतं, फक्त त्यात शेवटी पोलाद निघतं.

ए शिफ्टनं एक दांडगं डिझेल इंजिन सुचवलं. त्याची ओढ जबर होती, फक्त बॉनेट बंद होत नव्हतं. (बॉनेट ही वेगाला मारक गोष्ट असल्याचं मान्य करण्यात आलं.) बी शिफ्टचा कौल परदेशी टर्बो इंजिनाला. त्याला जुना गिअरबॉक्स जुळेना म्हणून गिअरबॉक्स बदलायचा, मग अॅक्सल, मग रेडिएटर, मग सगळं वायरिंग. अखेर निष्पन्न असं झालं की त्या इंजिनाला फक्त आपली गाडी तेवढी नडते आहे. सी शिफ्टनं आवाजाचा मुद्दा काढला, आणि त्यात एक उन्हाळा गेला.

दरम्यान असंही आढळलं की क्वार्टरपासून मोठ्या रस्त्यापर्यंत स्पीडब्रेकरच इतके आहेत की गाडी दुसऱ्या गिअरच्या वर जातच नाही. हा निष्कर्ष मनोधैर्य खचवणारा असल्यामुळे पुढच्या शिफ्टला कळवला गेला नाही.

"बाबाजी रोज सकाळी गाडी पुसून राहिले," नीतू, म्हणजे पीयूषची बायको, एकदा म्हणाली. "आतमंदी इंजिन नाही, माहीत हाय ना तुमाले?"

"अरे यार, सही चीज में टाइम तो लगता है," पीयूष म्हणाला. "घाई कावून करून राहिली तू?"

उत्तर पीयूषलाही माहीत होतं, पण ते समितीच्या कार्यकक्षेत येत नव्हतं.

यथावकाश एक इंजिन नक्की झालं, बसलं आणि चालूही झालं. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. सेक्टरमधून एक फेरी झाली, लोक दारात येऊन बघत होते, आणि बाबा इतके खूश होते की पीयूषला सगळ्या उशिराचं सार्थक वाटलं. मग क्वार्टरपुढे गाडी थांबली आणि बाबांना उतरता येईना.

सीट जमिनीपासून वीतभर उंच. बाबांनी दाराला धरून पाहिलं, छताला धरून पाहिलं, गुडघे उठेनात. शेवटी पीयूष आणि भूपेंद्रनं दोन्ही बगलेत हात घालून त्यांना बाहेर काढलं. माउंटिंग, गिअरबॉक्स, वायरिंग, सगळं मोजून झालं होतं. बसणारा माणूस कोणी मोजला नव्हता.

"गाडी चांगली हाय गा," बाबा शर्ट नीट करत म्हणाले. "पण पंचफुलीच्या दारात मले असं उपसून काढसान, तं बिचारी रडन."

पीयूषला फार वाईट वाटलं. अगदी खरं वाईट वाटलं.

"सीट बदल देते हैं, भाई," भूपेंद्र म्हणाला. पीयूषनं मान वर केली. कोणती सीट, हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नव्हता. त्याच संध्याकाळी समिती नव्या विषयासाठी पुनर्गठित झाली. बाबा दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन दुर्गच्या बसस्टँडला गेले.

इथवर वाचून ज्यांना 'पण शेवटी इंजिन कोणतं बसवलं?' हा प्रश्न पडला असेल, आणि बाबा बहिणीकडे पोचले का हा अजून पडला नसेल, त्यांनी पीयूषला जरूर कळवावं. मोनूची बदली झाल्यामुळे सी शिफ्टची जागा रिकामी आहे.