देखरेखीची खुर्ची

तरणतलावावर पालक लहान मुलांकडे नीट लक्ष देत नाहीत, ही बाब व्यवस्थापन समितीने अत्यंत गांभीर्याने घेतली. त्यानुसार प्रत्येक मुलामागे एक देखरेख-खुर्ची मंजूर झाली. खुर्चीत पालक बसलेला असेल तर मूल सुरक्षित, असं समितीचं साधंसोपं धोरण होतं.

आजोबा रोज नातीला घेऊन येत. नात पाच वर्षांची, पण तोंडाची टकळी अखंड चालू. सुरुवातीला खुर्च्या काठावरच होत्या. पोरांनी उडवलेल्या पाण्याने गाद्या भिजू लागल्या, म्हणून त्या काचेच्या खोलीत गेल्या. काचेतून ऊन लागतं अशी तक्रार आली, म्हणून पडदे लागले. पडद्यांमुळे तलाव दिसेना, म्हणून भिंतीवर टीव्ही आला. त्यावर अध्यक्षांचं सुरक्षिततेवरचं भाषण दिवसभर चालू असे.

शेवटी जीवरक्षकालाही आत बोलावून भरलेल्या खुर्च्या मोजायला बसवलं.

"अरे, मग पाण्याकडे कोण बघतं?" आजोबांनी त्याला विचारलं.

"पालक बघतात की. उगाच का एवढ्या खुर्च्या आणल्यात?"

एके दिवशी भाषण ऐकता ऐकता आजोबांच्या लक्षात आलं, की बाहेरून नातीची बडबड ऐकू येत नाहीये. पडदा सारून ते धावले आणि चपला-चष्म्यासकट पाण्यात पडले. पोर खोल बाजूला गटांगळ्या खात होती. काठावर आणल्यावर ती खोकली, मग भोकाड पसरून रडली. तिला छातीशी धरून आजोबाही रडले. त्यांना लाजबीज काही वाटली नाही.

मागोमाग जीवरक्षक धापा टाकत आला. "आजोबा, आधी आत चला," तो हळूच म्हणाला. "तुमची खुर्ची रिकामी दिसतेय."

चौकशी रीतसर झाली. घटनेच्या वेळी एकच खुर्ची रिकामी होती आणि एकच मूल बुडत होतं. दोन्ही एकाच कुटुंबातली, सबब यंत्रणा निर्दोष. आजोबांना तलावबंदी सुचवण्यात आली. नातीची देखरेख त्यांच्या मुलाकडे गेली.

"बाबा, नुसतं बसायचं तर होतं," मुलगा वैतागून म्हणाला. "तेवढंही जमलं नाही तुम्हाला?"

तलावबंदीचा ठराव त्याच काचेच्या खोलीत पालकांच्या सभेपुढे आला. "ज्यांचा विरोध असेल त्यांनी उभं राहावं," अध्यक्ष म्हणाले. आजोबा एकटेच उभे होते, आणि आशेने आपल्या सगळ्यांकडे बघत होते. आपणही होतोच की तिथे. गाद्या नव्या होत्या, छान मऊ होत्या.