वाफेला न जुमानणारं

रहीममामा कुणाकडंही चहा घ्यायचे, पण कप त्यांच्यासमोर उकळत्या पाण्यातून काढला तरच. "वाफंपुढं कुणाची मिजास चालत न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दौंडच्या आमच्या दवाखान्यात ऑपरेशनची हत्यारं मशीनमध्ये वाफेवर निर्जंतुक करायचं काम त्यांचं. मी तिथंच लॅबमध्ये. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर, म्हणून मामा मला नावानं नाही, 'बीएस्सी' अशी हाक मारायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू!

राहू गावचे सोपानआप्पा आमचे पेशंट. सारखे पडायचे, विसरायचे. मेंदूत रक्त साकळलं म्हणून आमच्या डॉक्टरांनी कवटीला भोक पाडून ते काढलं. तरी उतार नाही. पुण्याला नेलं. तिथून इंग्रजी चिठ्ठी आली: मेंदू पोखरणारा दुर्मीळ रोग, ऑपरेशनची हत्यारं पुन्हा वापरू नका. मी मामांना वाचून दाखवली.

"म्हंजी, वाफंनं मरत न्हाई?"

"ते जंतूच नाहीत, मामा. बिघडलेलं प्रथिन आहे. पोलादाला चिकटतं आणि आपल्या वाफेत टिकतं."

मामा स्टुलावर बसले. मग उठून ती हत्यारं बिस्किटाच्या डब्यात घातली, कुलूप लावलं, वर लिहिलं: 'जन्मठेप'.

आठवड्यात अपघातात डोक्याला मार लागलेला पेशंट आला. डॉक्टर म्हणाले, "मामा, तो सेट दोनदा वाफेत घाला."

"धा येळा घालतो, सायेब. पयलं तुमच्या डोक्याला वापरू का?"

डॉक्टरांनी पेशंट पुण्याला पाठवला. डबा कुरकुंभच्या कारखान्यातल्या भट्टीत जाळायला गेला, तोही मामांच्या मांडीवर बसून.

मग मामांनी आप्पांच्या रोगाबद्दल बाजारभर सांगितलं, "वाफंनं मरत न्हाई, बरं का!"

महिन्यानं आप्पांचा मुलगा औषधाला आला. म्हणाला, आप्पांची खाट गोठ्यात टाकलीय, ताट वेगळं केलंय.

"का रं?"

"मामा, तुम्हीच म्हनला न्हवं?"

"हत्याराचं म्हनलो व्हतो. मानसाचं न्हाई रं!"

दुसऱ्या दिवशी आम्ही राहूला गेलो. शिवल्यानं, एकत्र जेवल्यानं हा रोग होत नाही, हे मी परोपरीनं सांगितलं. वेगळं ताट काय असतं, ते माझ्या आजीनं मला सांगितलंय. पण दारात उभं असलेलं घरचं कुणी पुढं येईना. आप्पांच्या हातात अर्धा प्यालेला चहा होता, थोडा हनुवटीवर ओघळला होता. मामांनी कप घेतला, उरलेला चहा पिऊन टाकला आणि रुमालानं आप्पांची हनुवटी पुसली. सून मान खाली घालून पुढं आली. खाट घरात गेली.

आप्पा होते तोवर मामा दर रविवारी राहूला जायचे. आप्पा दर वेळी विचारायचे, "कोन?"

"वाफवाला," मामा म्हणायचे आणि त्यांचा उष्टा कप आपल्याकडं ओढायचे.