ड्रायव्हरच्या हुकमाशिवाय

परदेशी जायचं तर तिथले नियम घरूनच पाठ करून जावं, या मताचा मी आहे. तिकडे लहान मूल गाडीत मांडीवर घेता येत नाही, कार सीटमध्ये पट्टा लावूनच बसवावं लागतं, हे आमच्या घरात मला एकट्यालाच ठाऊक होतं. आणि मला ठाऊक असलेली गोष्ट मी सहसा स्वतःपाशी ठेवत नाही!

सीट आणली, सोफ्यावर बांधली. रोज संध्याकाळी आमची तीन वर्षांची चिमी सीटमध्ये आणि मी पुढे स्टुलावर, स्टिअरिंग म्हणून हातात स्टीलचं ताट. नियम एकच: ड्रायव्हर 'पोहोचलो' म्हणेपर्यंत पट्टा काढायचा नाही. बायको म्हणायची, अति होतंय हं. मी हॉर्न वाजवायचो.

विमानतळाबाहेर टॅक्सीत मी सीट इतकी झटकन बसवली की ड्रायव्हरनेही मान डोलावली. माझी कॉलर ताठ!

टॅक्सी ताईच्या दारात थांबली. आई तिच्याकडेच असते. नातीला तिने आजवर फोनवरच पाहिलेलं, त्यामुळे ती फाटकापाशी हात पसरून उभी होती. मी पट्ट्याला हात लावला मात्र, चिमीने असा टाहो फोडला की समोरच्या खिडक्या उघडल्या.

"अगं, पोहोचलो," मी म्हणालो.

"तू ड्रायव्हर नाहीस."

खरंच होतं. ड्रायव्हर पुढे बसला होता आणि त्याला मराठीचा गंध नव्हता. मग काय, भर रस्त्यात शिकवणी! मी शब्द सांगायचो, तो भलतंच काही बोलायचा, चिमी त्याला नापास करायची. आईचे हात दुखून खाली आले. तिचा पडलेला चेहरा मला बघवेना. अखेर त्या भल्या माणसाने इंजिन बंद केलं, तो मागे वळला आणि माझ्यासारखाच खर्जात म्हणाला, "पोहोचलो."

पट्टा सुटला. चिमी थेट आजीच्या कडेवर, आणि घरात आजी सोफ्यावर टेकताच तिच्या मांडीवर. आजीचे दोन्ही हात तिने स्वतःच्या पोटाभोवती ओढून घेतले. "हा पट्टा," ती म्हणाली. आईच्या डोळ्यांना धार लागली.

टॅक्सी केव्हाच गेली होती. जेवण गार व्हायला आलं, तरी दोघी जागच्या हलेनात. मी किती वेळा 'पोहोचलो' म्हटलं, पण मला विचारतंय कोण!

बायकोने माझ्या हातात ताट दिलं. मला वाटलं, वाढतेय. ताट रिकामं होतं.

मी निमूटपणे सोफ्यापुढे स्टूल ओढून बसलो.

"सावकाश चालव रे," मागून आई म्हणाली. "मला काही घाई नाही."