सुदामच्या दारातलं घमेलं

दोन पिल्लांना हगवण लागली आणि कैनाड गावच्या सुदामच्या तोंडचं पाणी पळालं. घराच्या अंगणात डुकरं पाळायचा हा त्याचा पहिलाच खटाटोप. जनावरांच्या डॉक्टर निलम मॅडमनी तपासून सांगितलं, "साल्मोनेलाचा जंतू आहे. विष्ठेतून, उंदरांतून, माणसांच्या पायांतून पसरतो. आजारी पिल्लं वेगळी ठेवा. दारात औषधाच्या पाण्याचं घमेलं ठेवा, आणि त्यात पाय बुडवल्याशिवाय कुणालाही आत सोडू नका." उरलेल्या पिल्लांत दुखणं शिरलं, तर धंदा बसलाच.

घमेलं मांडल्याबरोबर शेजारचे लाहूमामा आले. त्यांनी चपला काढल्या, अनवाणी पाय बुडवले, चपला हातात धरून आत गेले आणि तिथे पुन्हा घातल्या.

"मामा, चपलांसकट बुडवायचं!"

"औषधात चपला? पाप लागंल बाबा!"

पण त्या पाण्याने मामांच्या टाचेच्या भेगा म्हणे मऊ झाल्या. झालं! दुसऱ्या दिवशी नवशीमावशी आणि पाड्यातल्या चार बायका पाय बुडवायला हजर.

"अगं, हे डुकरांसाठी आहे!" सुदाम ओरडला.

"मग डुकरांना उभं कर ना. आमच्यावर कशाला ओरडतोस?"

त्यानंतर सुदाम दारातच ठाण मांडून बसला. सासरे भेटायला आले, चपला बुडवायला तयार होईनात, तर त्यांनाही त्याने आत पाऊल ठेवू दिलं नाही. म्हातारा रुसून परत गेला, आणि बायको सरिताने अबोला धरला. पिल्लांची हगवण मात्र थांबली. सुदामला वाटलं, बोलणी खाल्ली त्याचं चीज झालं.

मग निलम मॅडम आल्या, थेट तलासरीच्या एका आजारी कळपातून. त्यांचे पांढरे बूट पाहून सुदाम विरघळला. त्याने लगबगीने घमेलंच बाजूला उचललं. "तुम्ही कशाला मॅडम! बूट खराब होतील."

मॅडम उंबऱ्याबाहेरच थांबल्या. "अहो, मी आजारी डुकरांतून आलेय. सगळ्यात आधी मलाच अडवायचं!"

सरिताचा अबोला तिथेच सुटला. "माझ्या बापाला दारातनं घालवलंत, आणि आजारी डुकरांतनं आलेल्यांना वाट मोकळी?"

मॅडम हसल्या आणि बूट घमेल्यात बुडवून आत गेल्या. पिल्लं ठणठणीत होती. सुदामचा जीव भांड्यात पडला.

"आता बाबांना घेऊन या," सरिता म्हणाली. "आणि घरात घेताना त्यांचे पाय तुम्ही धुवा. साध्या पाण्यानं."

सुदामने पायांत चपला सरकवल्या आणि सासुरवाडीची वाट धरली.